उपाशी पेशी आणि काकांची दया

सोमवारी सकाळी ताईने इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटाचं, दार उघडलं. तिच्या उपाशी डिशना कुणीतरी जेवू घातलं होतं.

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. छोट्या चपट्या डिशमध्ये माणसाच्या पेशी वाढवायच्या आणि एका जनुकाचा अभ्यास करायचा, हे तिचं काम. हे जनुक म्हणजे एक प्रथिन कसं बनवायचं त्याची कृती. ते प्रथिन पेशीतली ऊर्जा किती उरली यावर नजर ठेवतं आणि ती कमी पडायला लागली की काटकसर सुरू करतं. घरी लेकीला समजावताना ताई आजोबांचं उदाहरण द्यायची. वीज गेली आणि घर बॅटरीवर आलं की आजोबा खोल्याखोल्यांतून फिरून दिवे बंद करतात, टीव्ही बंद करतात, एक पंखा तेवढा ठेवतात. लेकीने विचारलं होतं, “आणि आजोबा गावाला गेले असले तर?”

ताईला नेमकं तेच बघायचं होतं. काही डिशमध्ये नेहमीच्या पेशी होत्या आणि काहींमध्ये ते जनुक बंद पाडलेल्या. शुक्रवारी संध्याकाळी तिने दोन्हींतल्या अर्ध्या डिशना बिनसाखरेचा द्रव देऊन उपाशी ठेवलं होतं. हा प्रयोग तिने आधीही केला होता, पण दोन्ही प्रकारच्या पेशी सारख्याच मलूल दिसल्या. आज दुपारी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना निकाल दाखवायचा होता. फरक दिसला नाही तर हे जनुक सोडून दुसऱ्या कामाला लागायचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि आता प्रत्येक झाकणावर रविवारची तारीख होती. शेजारी पेनाने काढलेला हसरा चेहरा. म्हणजे काका.

काका तिथले सगळ्यात जुने संशोधक. निवृत्त झाले तरी यायचे थांबले नव्हते. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की आधी ‘खाल्लंस का?’ विचारायचे, कामाचं नंतर. रविवारी ज्याची पाळी असेल त्याने सगळ्यांच्या डिशमधला जुना द्रव काढून साखर असलेला ताजा घालायचा, अशी तिथली पद्धत होती. ज्या डिशना हात लावायचा नसेल त्यांच्या झाकणांवर लाल चिकटपट्टी लावायची. ताईने घाईत एकच पट्टी ट्रेवर लावली होती. ट्रे ओला दिसला म्हणून काकांनी डिश दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि मग एकेकीला पोटभर वाढलं.

काका आले, तेव्हा ताईचा चेहरा पाहून त्यांनी विचारलंच, खाल्लंस का. तिने काय झालं ते सांगितलं. काका स्टूल ओढून बसले.

“अगं, पेशी इतक्या केविलवाण्या दिसत होत्या. मला वाटलं, पोरगी विसरली बिचाऱ्यांना.”

“पट्टी झाकणावर लावायला हवी होती मी. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, काका.”

चिडावं तर कुणावर, हे तिला कळेना. डिश टाकून द्यायला तिने कचऱ्याचा डबा ओढला. काका म्हणाले, टाकायच्याच आहेत तर एकदा बघून तरी टाक. तिने नेहमीच्या पेशींची डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पेशी छान पसरल्या होत्या, कुठे कुठे एकीच्या दोन होत होत्या. मग जनुक बंद असलेली डिश ठेवली. तिथे जवळजवळ मोकळं मैदान होतं. चारदोन पेशी तळाला धरून होत्या, तेवढ्याच.

तिने सगळ्या डिश पाहिल्या. मग उपाशी न ठेवलेल्या पाहिल्या. त्या दोन्ही प्रकारच्या सारख्याच भरल्या होत्या. म्हणजे भरल्या घरात या जनुकावाचून काही अडत नव्हतं. अडत होतं ते फक्त टंचाईत.

आधीच्या वेळी ती उपाशी पेशीच मोजत होती. तेव्हा कोण संपलंय आणि कोण नुसतं जीव धरून बसलंय हे ओळखूच येत नव्हतं. जेवण मिळाल्यावर ते आपोआप कळलं. ज्यांनी वेळेवर काटकसर केली होती त्या उठून कामाला लागल्या. बाकीच्यांसाठी ताट उशिरा आलं होतं.

दुपारी मॅडमनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

“उत्तम. पुन्हा अन्न द्यायचं कसं सुचलं तुला?”

ताईने काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते.

“सुचलं नाही, मॅडम. पट्टी लावायला मी चुकले आणि काकांना पेशींची दया आली.”

मॅडम हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. एकदा घडलेलं धरायचं नाही, म्हणाल्या; हाच प्रयोग आता ठरवून पुन्हा करायचा. जनुक सोडायचं नाही.

“पण शोधनिबंधात ‘दया आली’ असं कसं लिहायचं?” ताईने विचारलं.

“‘उपासानंतर पुन्हा अन्न दिले’ असं लिही,” काका छतावरून नजर काढून म्हणाले. “आणि ते द्यायला मी येईन. या वेळी परवानगी घेऊन.”