खिडकीखालची भिंत

व्हर्लिनने ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीला गाल लावला, एक डोळा मिटला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. ब्रेंट नावाचा विक्रेता घाबरला. म्हाताऱ्याला चक्कर आली असं त्याला वाटलं. मी म्हटलं, राहू दे, तो भिंत कुठे फुगलीय का ते बघतोय.

आम्ही दोघांनी इंडियानातल्या एकाच कारखान्यात एकतीस वर्षं असलेच ट्रेलर बनवले, पिकअपमागे ओढून न्यायची घरं. तो भिंती करायचा, मी छपरं. निवृत्तीनंतर स्वतःसाठी एक घ्यावा अशी हौस आमच्यापैकी कोणालाच नव्हती. पण त्याच्या बायकोची, नेल्डाची, फुप्फुसं आकसत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ओल आणि बुरशी हिला सोसणार नाही. हिवाळे कोरड्या हवेत काढलेत तर अजून दोन-तीन वर्षं मिळतील. ॲरिझोनात नेल्डाच्या बहिणीचं मोकळं आवार होतं. तिथे न्यायला हव्या होत्या फक्त चार कोरड्या भिंती.

ब्रेंट पढवलेल्या पोपटासारखा सुरू झाला. ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर फायबरचा पत्रा, मध्ये फोम, सगळं एकजीव चिकटवलेलं. हलकं, गुळगुळीत. लाकडाचं आता कोण घेतं? नेल्डाला तो पांढराशुभ्र ट्रेलर आवडला होता. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी चाकांवरचा सिलिंडर, आणि बाई ओट्यावरून हात फिरवत होती.

व्हर्लिनने तिला सावकाश समजावलं. ॲल्युमिनियम कुजत नाही, हे खरं. पण चिकटवलेल्या भिंतीत एकदा पाणी शिरलं की गोंद सुटतो, भिंत पुरीसारखी फुगते आणि उघडून बघायची सोय नाही. अख्खी भिंतच टाकावी लागते. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि वर पन्हळी पत्रा असला, तर स्क्रू काढायचे, पत्रा उचलायचा, कुजलेली पट्टी बदलायची. मी नसलो तरी तुला कोणीही करून देईल, असं तो म्हणाला. तिच्यामागे राहण्याचं बोलवत नव्हतं, म्हणून बिचारा स्वतः आधी जायचं बोलत होता.

आवाराच्या मागच्या बाजूला एक जुना लाकडी ट्रेलर उभा होता. त्याच्या कपाटाच्या आत, भिंतीवर, पेन्सिलीने नाव आणि वर्ष लिहिलेलं होतं. आमच्या कारखान्यात भिंत उभी करणारा तशी सही करायचाच. नाव व्हर्लिनचं होतं. नेल्डाचा चेहरा खुलला. तुझ्या हातचा आहे, हाच घेऊ, म्हणाली. मी वर्ष वाचलं आणि व्हर्लिनकडे बघितलं.

त्या काळात आम्हाला नगावर मजुरी होती. दिवसाचे ठरलेले ट्रेलर झाले की पूर्ण रोज घेऊन घरी. खिडकीसाठी भिंत कापली की पाणी आत शिरू नये म्हणून चारही कोपऱ्यांना रबराची चिकटपट्टी दाबून लावायची असते. एका खिडकीला चार मिनिटं. वरून चौकट बसली की ती पट्टी कोणालाच दिसत नाही. मग आम्ही ती लावणं सोडून दिलं. मी छपरावर वेगळं काही करत नव्हतो. मुकादम ट्रेलर मोजायचा, खिडकीला कधी हात लावायचा नाही.

व्हर्लिन गप्प बसू शकला असता. त्याने ब्रेंटला कसल्याशा कागदांसाठी पिटाळलं आणि बायकोला सगळं सांगून टाकलं.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"तीन."

"तू बाराला घरी यायचास तीच ना? आपण दुपारी तळ्यावर मासे धरायला जायचो."

"हो."

"मला वाटायचं, तू माझ्यासाठी लवकर येतोस."

"तुझ्यासाठीच यायचो गं."

तिने नाकातली नळी नीट केली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या त्या दुपारींची ओल कोणाच्या तरी छातीत गेली असणार."

मी म्हटलं, चला, दुसरीकडे बघू. नेल्डा जागची हलली नाही.

"हाच घे," ती व्हर्लिनला म्हणाली. "घरी नेऊन उघड आणि नीट कर. मग मी त्यात झोपेन."

सप्टेंबरात त्याने अंगणात पत्रे उतरवले. प्रत्येक खिडकीखालचं लाकूड काळं पडलं होतं, कॉफीत बुडवलेल्या पावासारखं बोटाने निघत होतं. मी मदतीला जायचो. मी त्याला म्हणायचो, अरे, तिच्या पलंगाजवळच्या दोन खिडक्या कर आणि निघा, थंडी येतेय. तो ऐकेल तर शपथ. सातही खिडक्या, प्रत्येक पट्टी नवी, प्रत्येक कोपरा हाताने दाबलेला. एकदा मी चिडून त्याला मूर्ख म्हटलं. त्याने नुसती पुढची पट्टी मापली. नेल्डा घरात काचेमागे बसून बघायची; लवकर कर असं तिने एकदाही म्हटलं नाही.

नोव्हेंबरात बर्फ पडलं. पाच खिडक्या झाल्या होत्या. महिनाअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात तिला न्युमोनिया झाला आणि डिसेंबरच्या नवव्या दिवशी ती इस्पितळातच वारली. माती देऊन परतताना मला त्याचा संतापही येत होता आणि कीवही. दोन खिडक्यांवर निघाला असता तर ती आज उन्हात असती, हे मी त्याला कधी बोललो नाही. त्याला ते माहीत होतंच.

उरलेल्या दोन त्याने जानेवारीत केल्या.

एप्रिलमध्ये त्याने ट्रेलर विकायला काढला, तेव्हा शाळेची बस चालवणारी एक बाई तो बघायला आली. घटस्फोटानंतर दोन मुलींना घेऊन त्यातच राहायचा तिचा विचार होता. तिने पडदे बघितले, शेगडी पेटवून बघितली आणि किंमत विचारली. व्हर्लिनने किंमत सांगितलीच नाही. तो तिला बाहेर घेऊन गेला, पहिल्या खिडकीखालच्या पत्र्याचे स्क्रू काढले, पत्रा उचलून धरला आणि म्हणाला, हात घाला.

ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. तिने कोपरापर्यंत हात आत घातला.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "पटलं मला. लावून टाका."

व्हर्लिनने पत्रा लावला, स्क्रू घट्ट केले.

"अजून सहा आहेत," तो म्हणाला आणि दुसऱ्या खिडकीखाली गुडघे टेकून बसला.