मंगळवारची फाइल

हेदर बिबीने वकील निवडला तो चहासाठी. ही गोष्ट तिने कुणापाशी कबूल केली नसती, आणि कबूल करायला तिला होतं तरी कोण!

कर्ज मंजूर करताना बँकेने मान्य वकिलांची यादी पाठवली होती. घराची कागदपत्रं यातल्याच वकिलाकडून करून घ्या, असं वर ठळक अक्षरांत लिहिलेलं. हेदरने ती उघडली, लीड्स, मँचेस्टर, बर्मिंगहॅम असे पत्ते वाचले आणि मिटून ठेवली. मोरकॅमच्या बाजाररस्त्यावर, चिप्सच्या दुकानाच्या माडीवर मिस्टर थ्रेलफॉल यांचं ऑफिस होतं. तिच्या आईचं मृत्युपत्र त्यांनीच केलं होतं. दारावर पितळी पाटी, 'थ्रेलफॉल आणि क्लेग'. इतकी जुनी पाटी असलेला माणूस यादीत नसेल, असं तिच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. पण समोर बसून "तुम्ही बँकेच्या यादीत आहात ना?" असं विचारायचं म्हणजे यजमानाला ताटं धुतली आहेत का विचारण्यासारखं. तिकडची माणसं अशी की पायावरून गाडी गेली तरी आधी गाडीवाल्याचीच माफी मागतील.

"अगं, तू डोरीनची हेदर!" पहिल्याच दिवशी थ्रेलफॉल म्हणाले होते. "तुझी आई मृत्युपत्रावर सही करायला आली ती घरी भट्टीत भाजलेला कांद्याचा पाय घेऊन. सहीला दोन मिनिटं, तो खायला तासभर. बस. साखर किती?"

दोन चमचे, असं हेदरने सांगितलं. साखर किती हे तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

तिचं वय एकोणपन्नास. काम पाणीपुरवठा खात्यात. रोज सकाळी व्हॅन घेऊन डोंगरातल्या तलावांवर जायचं, बाटल्या भरायच्या, त्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवून निघायचं. खिडकीतून बाटल्या उचलणारा हात तिच्या ओळखीचा होता, चेहरा नव्हता. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिने नऊ वर्षं काढली होती. आता घरमालकाने फ्लॅट विकायला काढला होता आणि ऑगस्टअखेर जागा सोड म्हणून नोटीस दिली होती. तेवढ्यात तिला मिसेस एंटविसल यांचं घर सापडलं. खाली एक खोली, वर दोन, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण आणि वरच्या खिडकीतून खाडी. मिसेस एंटविसल स्कॉटलंडला लेकीकडे चालल्या होत्या. हेदरने ते घर पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला एखाद्या वस्तूची हाव सुटली. त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि ती आनंदाने आली नाही.

मग सहा मंगळवार ती थ्रेलफॉलांकडे गेली. फोनवर दोन मिनिटांत काम झालं असतं. "फाइल कुठवर आली?" एवढंच तर विचारायचं होतं. पण ती काम आटोपून चार वाजता जिना चढायची, थ्रेलफॉल किटली ठेवायचे आणि फाइलवर पाच मिनिटं बोलून झालं की भरती-ओहोटी, खालच्या दुकानाचा तेलकट वास, मिस क्लेगच्या कुंड्या, असं काहीबाही निघायचं. मिस क्लेग म्हणजे त्यांची भागीदार. तीन वर्षांपूर्वी ती गेली. कुंड्यांना पाणी अजून तेच घालत होते.

सातव्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं. तुम्ही नेमलेले वकील आमच्या यादीत नाहीत, सबब यादीतला वकील नेमेपर्यंत पुढची कारवाई होणार नाही. तासाभरात घरांच्या एजंटाचा फोन.

"बाईसाहेब, सात आठवडे झाले आणि तुमची गाडी अजून स्टेशनातच! मिसेस एंटविसलना दुसरं गिऱ्हाईक मिळालंय, त्याचा वकील तयार आहे. करार झाल्याशिवाय आमच्यावर काही बंधन नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. माफ करा."

"माफी नको, वकील द्या."

तिने यादी पुन्हा उघडली आणि सगळ्यात वरचं, लीड्सचं नाव निवडलं. थ्रेलफॉलांना तोंडावर सांगायचं धाडस तिच्यात नव्हतं. तिने एक चिठ्ठी लिहिली, रविवारी दुकान बंद असताना जाऊन त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवली आणि चोरासारखी पळत सुटली. मंगळवारी चार वाजता ती व्हॅनमध्ये समुद्राकडे तोंड करून बसून राहिली. थर्मासमधला चहा ठीकच होता. तिला रडू आलं आणि आपण एका वकिलासाठी रडतोय हे लक्षात आल्यावर स्वतःचाच राग आला.

लीड्सचं ऑफिस कामाला चोख. दर वेळी फोनवर नवा आवाज, दर वेळी जन्मतारीख पहिल्यापासून. एक फॉर्म आला, घरात राहणाऱ्या इतर सज्ञान माणसांची नावं लिहा. चार ओळी होत्या. हेदरने त्या कोऱ्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन. "तुम्ही ओळी रिकाम्या सोडल्यात, मॅडम. बँकेला चालत नाही. प्रत्येक ओळीवर 'कोणी नाही' लिहा."

"चारही ओळींवर?"

"चारही."

तिने चार वेळा लिहिलं. हस्ताक्षर नीट काढलं.

मग गहाणखत आलं. सही साक्षीदारासमोर करा, साक्षीदार सज्ञान हवा, नात्यातला नको, विकणाऱ्यांपैकी नको, आणि शुक्रवारपर्यंत कागद लीड्सला पोचला नाही तर मिसेस एंटविसल दुसऱ्या गिऱ्हाइकाला हो म्हणतील. तो बुधवार होता. हेदर कागद समोर घेऊन बोटांवर माणसं मोजू लागली. प्रयोगशाळेचा हात. एजंट चालणार नाही. आईची मैत्रीण वारली. बराच वेळ आठवूनही बोटं उरलीच.

शेवटी मनाचा हिय्या करून तिने खालच्या फ्लॅटचं दार ठोठावलं. कानाला हेडफोन लावलेला एक तरुण बाहेर आला.

"पार्सल आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. मी हेदर. वर राहते."

"अच्छा! नवीन आलात?"

नऊ वर्षं, असं तिच्या ओठांवर आलं. "हो," ती म्हणाली. "म्हणजे, जातेय. येते हं. माफ करा." कागद पाठीमागे धरून ती जिना चढली. दार लावलं आणि तिथेच पायपुसण्यावर बसली. त्या भल्या माणसाने सही केलीही असती. पण आपल्या सहीला साक्ष देणाऱ्याला आपलं नाव तरी आधी माहीत असावं, असं तिला वाटत होतं. तेवढीही चैन परवडत नाही म्हणजे कमाल झाली.

गुरुवारी ती थ्रेलफॉलांचा जिना चढली. तिची चिठ्ठी टेबलावर, पेपरवेटखाली होती.

"नऊ ओळी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्यात 'माफ करा' पाच वेळा. एवढी माफी तर आमच्याकडे खून करणारेही मागत नाहीत. बस."

"मला त्या दिवशी विचारायचं होतं, तुम्ही यादीत आहात का. बरं दिसलं नसतं."

"आणि मला सांगायचं होतं. तेही बरं दिसलं नसतं." त्यांनी किटलीचं बटण दाबलं. "क्लेग गेली तेव्हाच बँकेने यादीतून नाव काढून टाकलं. एकट्या वकिलावर त्यांचा विश्वास नाही, निदान दोघं हवेत. मी पुन्हा अर्ज केला होता, वाटलं, येईल उत्तर. उत्तर चौथ्याच आठवड्यात आलं, हेदर. नाही म्हणून."

"चौथ्या?"

"हो. त्याच मंगळवारी सांगायला हवं होतं. पण मग तू पाचव्या मंगळवारी कशाला आली असतीस?"

किटली उकळून बंद झाली तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. तिचं घर हातचं जाऊ शकलं असतं, ते या म्हाताऱ्याच्या मूग गिळून बसण्यामुळे. तिला रागवायचं होतं. पण सहाही मंगळवारी फोन न करता जिना चढत कोण आलं होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

"मला साक्षीदार हवाय," ती म्हणाली. "दुसरं कुणी नाही."

थ्रेलफॉलांनी चष्मा लावला. तिने सही केली, त्यांनी शेजारी केली. खाली नाव, पत्ता, व्यवसाय. व्यवसायापाशी ते जरा थांबले, मग 'वकील' लिहिलं. "तारीख घालू नकोस, ती लीड्सवाले घालतील. टपाल साडेपाचला निघतं, पळ."

"चहा?"

"घर की चहा? पळ म्हणतो ना!"

कागद वेळेत पोचला. पुढच्या शुक्रवारी ताबा मिळाला. एजंटाने किल्ली दिली, लीड्सहून अभिनंदनाचा संदेश आला आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल अशी विचारणा झाली. हेदरने पाच दिले. त्यांचं खरोखर काहीच चुकलं नव्हतं. शनिवार, रविवार तिने खोकी उघडली. सोमवारी वरच्या खिडकीत खुर्ची ठेवली आणि ओहोटी बघत बसली. घर हवं तसं होतं. आपण बोललो तर आवाज कसा येतो हे बघायला ती एकदा मोठ्याने "छान आहे" म्हणाली आणि पुन्हा बोलली नाही.

मंगळवारी चार वाजता थ्रेलफॉलांनी दार उघडलं. हेदर हातात कांद्याचा पाय घेऊन उभी होती.

"काय झालं? लीड्सवाल्यांनी काही घोळ घातला?"

"नाही. मला मृत्युपत्र करायचंय. घर आहे ना आता. त्याला यादी लागत नाही ना?"

"नाही लागत." त्यांनी खुर्ची पुढे ओढली, कपाटातून नवी फाइल काढली, तिच्यावर तिचं नाव लिहिलं आणि पेन उघडलं. "बोल. घर कुणाच्या नावे?"

हेदरने तोंड उघडलं. खिडकीतल्या कुंड्यांकडे पाहिलं, मग हातातल्या पायकडे. खालून चिप्स तळल्याचा आवाज येत होता.

थ्रेलफॉलांनी पेनाला टोपण लावलं.

"घाई नाही," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी बघू."