उत्तराचा रकाना

दोरा मधल्या पानांपाशी तुटला होता, आणि त्याचं टोक भोकातून असं वर आलं होतं की बोट लावलं तर सगळी वहीच सुटी होईल. म्हणून त्याने बोट लावलं नाही, नुसता बघत राहिला. वही त्यानेच बांधलेली. निळं कापड, आत जाड पुठ्ठा, कोपऱ्यांना कातडं... सगळे गिऱ्हाइकांच्या कामातून उरलेले तुकडे, पण बांधणी झकास, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. बाइंडरच्या घरची वही आणि तिचाच दोरा तुटावा! पलीकडे खळ ढवळत बसलेला त्याचा जुना जोडीदार हसलाच.

"घरचं काम म्हणून दोरा हलका वापरलास वाटतं?"

"पोरं रोज उघडतात," तो म्हणाला, आणि एवढ्या उत्तरातही त्याला थोडी ऐट वाटली.

प्रार्थनेची वही होती ती. डावीकडच्या रकान्यात मुलांनी देवाकडे काय मागितलं ते, तारखेसकट. उजवीकडे देवाचं उत्तर. कल्पना त्याचीच. उत्तरं तीनच असतात – हो, नाही आणि थांब – हे त्याने मुलांना शिकवलं होतं, आणि दर शनिवारी संध्याकाळी प्रार्थना झाली की वही मांडीवर घेऊन तो लाल पेन्सिलीने ती लिहायचा. पाळकांनी एकदा उपासनेत या वहीचं कौतुक केलं, तेव्हा तो मान खाली घालून बसला होता आणि नंतर चार दिवस ताठ चालत होता. धाकट्याला हत्ती हवा होता: नाही. थोरलीला सायकलची घंटा हवी होती: हो. ती त्यानेच जाऊन आणली होती, पण देव माणसांच्या हातूनच देतो, नाही का, त्यात लबाडी कसली...

आणि एकतीस नंबर. थोरलीचं नऊ वर्षांचं गोल अक्षर – 'शिट्टीकाका घरी यावा.' समोर लाल अक्षरात: थांब. पुढच्या शनिवारी तीच ओळ, पुन्हा थांब. अकरा शनिवार झाले होते, आणि आज बारावा.

शिट्टीकाका म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. भजनाच्या चाली तोंडाने अशा वाजवायचा की मुलं जेवण टाकून त्याच्यामागे फिरायची. त्या भावाचा निरोप गेले दोन महिने फोनमध्ये होता, तीन शब्दांचा: 'दादा, येऊ का?' त्याने तो रोज वाचला होता, आणि उत्तर दिलं नव्हतं.

त्याने सुरीने जुना दोरा कापला, पानांचे गठ्ठे एकेक करून सोडवले, आणि अगदी शेवटचा गठ्ठा सोडवताना थांबला. मागून, वही उलटी धरून कुणीतरी लिहिलं होतं. पेन्सिलीने, बारीक, लपवल्यासारखं.

'देव काकाला का पाठवत नाही. माझं काय चुकलं.

१. मैत्रिणीचा खोडरबर घेतला. परत दिला. काका आला नाही.

२. दूध मोरीत ओतलं, प्यायले म्हणाले. आईला सांगितलं. आला नाही.

३. धाकट्याला चिमटा काढला. माफी मागितली, दोनदा. आला नाही.

४. प्रार्थनेत डोळे उघडले. आता घट्ट मिटते. तरी नाही.

५. पाळकांच्या चालण्याची नक्कल केली. त्यांना सांगितलं. ते हसले. काका आला नाही.

६. आजी दवाखान्यात असताना मी खेळायला गेले. आजीला आता कसं सांगू?

७.'

सातच्या पुढे काही नव्हतं. कागद मात्र तिथे खोडून खोडून विरला होता.

मन स्वच्छ नसेल तर प्रार्थना छताच्या वर जात नाही... हे कोण म्हणालं होतं? मीच. धाकट्याने तिचे केस ओढले त्या दिवशी, जेवताना, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज मी ते म्हणालो होतो. धाकटा छताकडे बघून हसला होता. थोरली हसली नव्हती.

"काय झालं रे?" जोडीदाराने विचारलं.

"खळीचा वास उग्र आहे आज."

त्याने दाभण घेतलं आणि भोकं नीट करू लागला. हात सवयीने चालत होते. हातांना काय, ते आईच्या दवाखान्यातल्या शेवटच्या तीन दिवसांतही नीटच चालले होते – तिच्या कपाळावर पट्टी ठेवताना, चमच्याने पाणी पाजताना. पहिल्याच सकाळी डॉक्टर म्हणाले होते, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. आणि त्याने भावाला फोन करून सांगितलं होतं, साधा ताप आहे, धावत येऊ नकोस. का? कारण आई शुद्धीवर आली की विचारायची, माझा धाकटा कुठाय? मी समोर बसलेलो, माझाच हात तिच्या हातात, आणि धाकटा कुठाय! तीन दिवस, फक्त तीन दिवस तरी ती माझी एकट्याची असावी, एवढंच मला हवं होतं... चौथ्या दिवशी भाऊ आला तो सरळ कबरस्तानाच्या फाटकाशी. ओरडला नाही, रडलाही नाही. "दादा, डॉक्टर तुला कधी बोलले होते?" एवढंच विचारलं, चारचौघांत. आणि याने, ज्याने मान खाली घालायला हवी होती त्याने, भावाला सांगितलं की पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. लोकांना वाटलं, दुःखाने बोलतोय बिचारा.

तेव्हा लाज वाटली नव्हती. आता ती वर येत होती, आणि नेमकी खोडरबरापाशी, दुधापाशी येऊन अडत होती. स्वतःचा 'नाही' त्याने देवाच्या नावावर खपवला होता. तोही धड 'नाही' नव्हता, भित्रा, गुळगुळीत 'थांब'. आणि ती पोर स्वतःला झाडून काढत होती.

त्याने नवा, जाड, मेण लावलेला दोरा ओवला. शेवटचा गठ्ठा काढून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. तो त्याने सगळ्यांत घट्ट शिवला.

संध्याकाळी प्रार्थना नेहमीसारखी झाली. म्हणजे मुलांची झाली. त्याच्या पाळीला तो 'हे देवबापा' म्हणाला आणि पुढचं सुचेना, तेव्हा बायकोनेच आमेन म्हणून सांभाळून घेतलं. ती धाकट्याला जेवायला घेऊन गेली. थोरलीने सवयीने लाल पेन्सिल आणून त्याच्या हातात दिली. त्याने ती जमिनीवर ठेवली.

"पप्पा, आज 'थांब' नाही लिहायचं?"

"नाही."

तिने वही उलटी केली, मागचं पान काढलं, आणि त्यावर हात आडवा धरून हळूच म्हणाली, "रागावू नका हं. मला सातवं आठवतच नाहीये. तुम्हाला माझं काही ठाऊक आहे का? वाईट वागलेलं?"

"तुझं काही नाही, बाळा." आवाज इतका बारीक निघाला की त्याने तेच पुन्हा म्हटलं. "तुझं नाहीये ते."

"मग कुणाचं?"

तिने ते आरोपासारखं विचारलं नव्हतं, पुस्तकाचा पान नंबर विचारावा तसं विचारलं होतं. म्हणूनच त्याला तिच्याकडे बघवेना. आतल्या खोलीत बायकोने ताटं मांडल्याचा आवाज आला. आता हाक येईल, असं त्याला वाटलं. यावी, असंही वाटलं. हाक आली नाही.

थोरलीने पेन्सिलीला टोक केलं, भुगा फुंकून टाकला, सातच्या आकड्यापुढे हात नेऊन ठेवला आणि मान खाली घातली.

"सांगा ना," ती म्हणाली, "मी लिहिते."

त्याने तोंड उघडलं. कान तापले होते, शब्द अजून लांब होते. पण तोंड पुन्हा मिटावं असं आज पहिल्यांदाच त्याला वाटलं नाही.