घरी उपलब्ध असलेली व्यक्ती

दिवसघर बंद होणार ही बातमी नवऱ्याच्याच तोंडून घरात आली, आणि तीही आनंदाची असल्यासारखी.

"अगं, शेवटी 'व्यक्ती' मंजूर झाली!" तो बूट काढता काढता म्हणाला.

कोण व्यक्ती, कसली मंजुरी, तिला काही कळेना. नवरा नगरपालिकेत मसुदे लिहायचा. साहेबांच्या मनात येईल ते कलम, उपकलम आणि दोन-चार 'सबब' घालून कागदावर उतरवायचं, हे त्याचं काम. ते तो इतक्या मनापासून करायचा की गल्लीत त्याचं नावच 'परिपत्रक' पडलं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त घरातसुद्धा 'चहा झाला का' ऐवजी 'चहाचं काय ठरलं' असं विचारायचा.

हळूहळू उलगडा झाला. थकलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं नगरपालिकेचं दिवसघर येत्या शुक्रवारी कायमचं बंद. सोमवारपासून नवी योजना, 'काळजी घरच्या घरी'. औषधं फुकट घरपोच येणार, बाकी सगळं घरी उपलब्ध असलेल्या व्यक्तीने करायचं. मूळ मसुद्यात 'सून, मुलगी किंवा पत्नी' असं होतं. परिपत्रकाने भांडून ते खोडायला लावलं आणि तिथे 'व्यक्ती' घातलं.

"समानता," तो छाती फुगवून म्हणाला. "तीन बैठका लागल्या."

"छान. आणि आपल्याकडे ती व्यक्ती कोण?"

स्वतःच्या घरातलं दिव्याचं बटण न बघताच हाताला लागावं, तशी त्याची नजर बरोबर तिच्यावर येऊन थांबली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती कवळ्या बनवायची. गावातले सगळे दातांचे डॉक्टर रोग्यांच्या जबड्यांचे ठसे तिच्या कारखान्यात पाठवायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, भट्टीत शिजवायची, घासून चकचकीत करायची. अर्धं गाव तिच्या हातच्या दातांनी हसत होतं आणि उरलेलं अर्धं रांगेत होतं. बारा वर्षांपूर्वी सासऱ्यांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा ती नोकरी सोडून चार वर्षं घरात बसली. 'बसली' असं लोक म्हणत. प्रत्यक्षात त्या चार वर्षांत तिला बसायला कधी मिळालं, ते लोकांनाच ठाऊक. मग दिवसघर सुरू झालं, साडेसातला त्यांची बस दारात यायला लागली आणि ती कारखान्यात परतली. तिनेच शिकवलेल्या पोरींच्या हाताखाली पुन्हा प्लास्टर कालवण्यापासून. आता आठ वर्षांनी मालक निवृत्त होत होते आणि सोमवारपासून कारखान्याची प्रमुख ती होती. मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, "सोमवारी आठला तू इथे हवीस. नसलीस तर मी दुसऱ्याला बसवतो. राग धरू नकोस."

सासरे आतल्या खोलीतून ऐकत होते. उमेदीत ते फुटबॉलचे पंच होते. पाय गेला, शिट्टी गळ्यात राहिली. कुणाचं काही पटलं नाही की ते ती फुंकायचे. आता त्यांनी एक लांबलचक शिट्टी मारली.

"बाबा, कुणासाठी होती?" नवऱ्याने विचारलं.

"तुझ्यासाठी, गाढवा. मला दिवसभर हिच्या गळ्यात बांधतोयस. मला तिथे पत्ते खेळायला चार माणसं आहेत. इथे कोण आहे? तुझे कागद?"

परिपत्रकाने कानांवर हात ठेवले. "धोरण वरून आलंय. मी फक्त भाषा बघतो."

त्या संध्याकाळी तिने जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं लिखाण शेवटपर्यंत वाचलं. चौदा पानं होती. सातव्या पानावर कलम अकरा होतं: 'जिचे काम घरून होऊ शकते अशा व्यक्तीस प्राधान्य राहील.' तिने ते दोनदा वाचलं. भट्टी घरी आणता येत नाही. मसुदा मात्र स्वयंपाकाच्या ओट्यावरही लिहिता येतो. पुढे कलम बारा होतं: 'वारंवार बदल करून कार्यालयाचा वेळ वाया घालवू नये, सबब एकदा नोंदविलेली व्यक्ती सहा महिने बदलता येणार नाही.'

"हे पण तूच लिहिलंस?" तिने विचारलं.

"बारावंही माझंच," तो लाजून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती नगरपालिकेत गेली. सासऱ्यांची सही घरूनच आणली होती. 'घरी उपलब्ध असलेली व्यक्ती' या चौकटीत तिने नवऱ्याचं नाव लिहिलं आणि 'नाते' या चौकटीत ठळक अक्षरात 'मुलगा'.

खिडकीतल्या बाईंनी चष्मा नाकावर ओढला. "यांची नोकरी असेल ना?"

"माझीही आहे."

"हो, पण तुमचं कसं..."

"कसं?"

बाईंनी शिक्का उचलला आणि असा हाणला की टेबलावरचा टाचण्यांचा डबा उडाला.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. "नमुन्याचा अर्ज द्यायला वरचे लोक विसरलेत. लोक सकाळपासून 'कसा भरायचा, कसा भरायचा' करून माझा जीव खातायत. तुमचाच लावू? नावं झाकते."

यात बाईंचा आळस किती होता आणि कावा किती, याबद्दल त्यांनी शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. तिने हो म्हटलं. नावांवर काळी पट्टी मारलेली प्रत काचेवर चिकटली.

आता, सरकारी नमुना दिसला की माणसाची अक्कल चपला काढून बाहेर थांबते. लोक आले, नमुना बघितला आणि शब्दन् शब्द उतरवून गेले. 'नाते: मुलगा'. ज्यांना उमगलं त्या बायकांनी हसू दाबत लिहिलं, बाकीच्यांनी निमूटपणे. एका आजींना तीन मुलीच होत्या, तरी त्यांच्या अर्जातही 'मुलगा' होता. सोमवारपासून नगरपालिका त्या नसलेल्या मुलाला दिवसातून तीनदा हजेरीचा फोन लावू लागली.

कारण हजेरी होती. तीही कलमात होती. दहा, एक आणि चार वाजता घरच्या फोनवर फोन येणार आणि नोंदलेल्या व्यक्तीने स्वतः उचलायचा. नाही उचलला की औषधं बंद.

परिपत्रकाला हे सगळं शुक्रवारी कळलं. तो आधी हसला, मग पांढरा पडला, मग त्याने कलम बाराला पळवाट आहे का ते शोधलं. नव्हती. चांगलं लिहिलं होतं.

सोमवारी आठला ती कारखान्यात होती. मालकांनी किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या आणि डोळे पुसले. प्लास्टरची धूळ गेली म्हणाले.

घरी नवऱ्याच्या नाकी नऊ आले. सासऱ्यांना उचलून बसवायचं, न्हाणीत न्यायचं, औषधाच्या गोळ्या वेळेवर, पथ्याचं वेगळं, मध्ये साहेबांचा मसुदा, तेवढ्यात हजेरीचा फोन, आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी. तिसऱ्या दिवशी त्याने खुर्चीतच डुलकी काढली, तर वडिलांनी त्याला मैदानाबाहेर काढला.

"तू चार वर्षं हे एकटीने केलंस?" त्याने विचारलं. चेहरा इतका उतरला होता की तिला त्याची दयाही आली आणि त्याला बदडावंसंही वाटलं.

"हो. आणि तू दारातून आत येताना विचारायचास, आज दिवसभर काय केलंस."

त्याने मान खाली घातली. निदान तेवढं केलं.

दुसऱ्या आठवड्यात नगरपालिकेत टेबलं ओस पडली. पाणीवाले घरी, बांधकामवाले घरी. बाराव्या दिवशी खुद्द मोठे साहेब दिसेनात. त्यांच्या आईचा अर्ज त्यांच्या बायकोने भरला होता, काचेवरचा नमुना बघून.

तेराव्या दिवशी परिपत्रक निघालं. लिहिलं अर्थात तिच्या नवऱ्यानेच, मांडीवर कागद ठेवून. 'काळजी घरच्या घरी' रद्द, दिवसघर सोमवारपासून पुन्हा सुरू. कारण: 'कर्मचाऱ्यांवर पडणारा असह्य ताण लक्षात घेता.'

त्याने तिला ते कौतुकाने वाचायला दिलं. ती 'असह्य'पाशी अडकली. त्या चार वर्षांत तिने नगरपालिकेला चार अर्ज केले होते, म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराची काही सोय करा म्हणून. चारही वेळा 'नोंद घेण्यात आली आहे' असं उत्तर आलं होतं. पुरुषांना तेरा दिवस पुरले. तिला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडावंसं वाटत होतं, आणि दोन्हींपेक्षा राग मोठा होता.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "फक्त उशिरा."

सोमवारी ती सासऱ्यांना घेऊन दिवसघरात गेली. तिथल्या बाईंनी जुनी वही काढली. "तुमचा नंबर आहेच आमच्याकडे. काही झालं तर तुम्हालाच लावायचा ना? नेहमीसारखा?"

आठ वर्षं तोच नंबर लागत होता. सासरे घसरले, रुसले, त्यांनी कुणाचा पत्ता ढापला, की कारखान्यात फोन. ती मेणाचा हात पुसून धावायची आणि मालक घड्याळाकडे बघायचे.

तिने पेन मागितलं, आपला नंबर आडवी रेघ मारून खोडला आणि नवऱ्याचा लिहिला. सासऱ्यांनी वाकून बघितलं. "अक्षर नीट काढ," ते म्हणाले, "नाहीतर सात आणि एक सारखेच दिसतील." तिने सात पुन्हा गिरवला.

त्या दिवशी एका अवघड जबड्याचं काम होतं. वरचे दात खालच्यांवर बसेनात. दुपारपर्यंत तिची नजर सवयीने फोनकडे जात राहिली. मग ती कामात शिरली, एकेक दात केसभर सरकवत राहिली, आणि चावा बरोबर बसला तेव्हा पोरी टेबलाभोवती गोळा होऊन बघत होत्या. हात धुताना तिच्या लक्षात आलं की दोन वाजल्यापासून आपण घराचा विचारसुद्धा केलेला नाही. आपल्याला थोडं तरी वाईट वाटायला हवं, असं तिला वाटलं. ती नळाखाली हात धरून जरा थांबली, वाटतंय का ते बघायला. नाही वाटलं.