झाडांची थंडी

बागेच्या कडेला वारा अडवायला लावलेली झाडं पुन्हा मावा किडीनं चिकट, काळपट झाली आणि बाळ्यानं हात टेकले. चाळिशी उलटली तरी घरात तो बाळ्याच. गेल्या वर्षी त्यानं दोनदा विष फवारलं होतं. मावा मेला आणि महिन्याभरात दुपटीनं परतला.

"रांगच तोडतो, ताई. उद्या करवतवाले येतायत."

माहेरी आलेल्या ताईनं हातातला कप खाली ठेवला. ती झाडं बाबांनी लावली होती, आणि झारी धरायला ही दोघं होती. दर हिवाळ्यात बाबा प्रत्येक खोडाला गोणपाट गुंडाळायचे. का, असं विचारलं की म्हणायचे, "झाडांना थंडी वाजते, बाळ्या." मग हा वेडा आपली कानटोपी काढून झाडाला घालायला निघायचा!

"गोणपाटं कुठायत रे?"

"ती घाण? बाबा गेल्यावर जाळली. झाडांना थंडी वाजते म्हणे!"

ताई रांगेच्या टोकाला गेली, बाळ्या मागोमाग. शेवटच्या झाडापर्यंत ना पंपाची नळी पोचायची, ना बाळ्याचा उत्साह. त्याची पानं मात्र स्वच्छ होती. खोडावर एक जुनं, कुजकं गोणपाट अजून टिकून होतं. ताईनं त्याची घडी अलगद उलगडली. आत ठिपकेवाले लाल ढालकिडे दाटीवाटीनं बसले होते.

"हे मावा खातात. थंडी यांना वाजायची. तू किडे म्हटलं की भोकाड पसरायचास, म्हणून बाबा तुला झाडांचं नाव सांगायचे. विषानं मावा मरतो तसे हेही मरतात. पण मावा चटकन परततो, यांना वेळ लागतो. चोरांबरोबर तू राखणदारही मारलेस, वर त्यांची घरंही जाळलीस."

बाळ्या तिथंच खाली बसला. "मला वाटायचं, बाबा भाबडे होते," एवढंच म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

करवतवाल्यांना नकार कळवला, पंप माळ्यावर गेला. पुढं कितीतरी दिवस झाडं तशीच काळपट दिसायची आणि बाळ्याचा जीव टांगणीला लागायचा. मग हळूहळू नवी पालवी स्वच्छ येऊ लागली.

"थोडा मावा आहेच अजून," त्यानं फोनवर कुरकुर केली.

"राहू दे की. त्यांनी जेवायचं काय?" ताई म्हणाली.

मंडळी, किडा दिसला की पंप उचलण्याआधी तो काय खातो एवढं तरी पाहावं. आणि वडीलधाऱ्यांची एखादी सवय खुळी वाटली, तर ती मोडण्याआधी घरात कुणाला तरी विचारावं.

पुढच्या हिवाळ्यात बाळ्या खोडांना गोणपाटं बांधत होता. लेकीनं विचारलं, "बाबा, हे कशाला?"

"झाडांना थंडी वाजते," तो सवयीनं बोलून गेला. मग थांबला, आणि गोणपाटाची कड उचलून त्यानं तिला आत दाखवलं.