खडूचा पहारा

गोपाल सरांच्या दहावीच्या वर्गात मराठी पोरं बोलायची नाहीत. तेलंगणातल्या बेल्याकडच्या खेड्यांतली ही पोरं मराठी शाळेतून मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या गावच्या हायस्कुलात यायची. तिथं पुस्तक इंग्रजी, समजावणं तेलुगू. गणिताच्या तासाला ती भिंतीला लागून अशी बसत, जसं कुणी परक्या घरी पाहुणं गेलं की बसतं. दिलं तर घ्यायचं, मागायचं नाही. सर स्वतः मराठी. तेलुगू त्यांना चांगली यायची, पण आपली पोरं अशी अंग चोरून बसलेली त्यांना बघवायची नाहीत.

सरांचा सगळा जीव कीर्तनात. कुठं सप्ताह बसला की मोटरसायकल काढलीच. कीर्तनात त्यांना एक गोष्ट फार आवडायची. बुवा एकटा गात नाही. त्यानं चरण सोडला की मागचे टाळकरी उचलतात, आणि ज्याला सूर नाही तोही त्या आवाजात मिसळून जातो, त्याला कुणी बाहेर काढत नाही. वर्ग असा का होऊ नये, असं त्यांच्या मनात घोळत राहिलं.

एक दिवस त्यांनी पोरांना आपल्या आज्याची गोष्ट सांगितली. आईचे वडील देवाजीबुवा सप्ताहात वीणेच्या पहाऱ्याला उभे राहायचे. सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं. एका वर्षी पहाटेचा माणूस आलाच नाही. देवाजीबुवा उजाडेपर्यंत उभे राहिले. पाय सुजून खांबासारखे झाले, पण वीणा भुईला लागू दिली नाही. हे सांगताना सरांचे डोळे नेहमीसारखे भरून आले.

"आता हा खडू म्हणजे आपली वीणा," ते म्हणाले. "ज्याच्या हातात खडू, त्यानं गणिताची एक पायरी सोडवायची आणि पुढच्याला द्यायचा. एकमेकांच्या पाया पडून. खडू खाली ठेवायचा नाही. आणि बोलायचं ज्याच्या त्याच्या भाषेत."

"सर, अभंग पण म्हणा लागते का?" लखननं विचारलं. हा भीमपूरकडचा, वर्गातला वात्रट.

"तू गणित म्हण बाबा, तोच तुझा अभंग."

आणि खरंच सुरू झालं. तेलुगू पोरं मराठी पोरांच्या पाया पडून हसू लागली, मराठी पोरं फळ्यापाशी जाऊ लागली. लखननं तर चुकीची पायरी इतक्या ऐटीत लिहिली की वर्गानं टाळ्या वाजवल्या, आणि मग त्याची त्यानंच पुसली. सर घरी जाताना गुणगुणत जायचे.

मग शीतलची पाळी आली. शीतल कमी बोलायची, पण सरांना ठाऊक होतं, या वर्गात गणिताची खरी ओढ हिलाच. पुढं इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला गणित घेईन, असं तिनं आठवीतच सांगून ठेवलं होतं. फळ्यावर होतं x² + 6x = 16. लखननं वाकून तिला खडू दिला. तिनं हळू आवाजात सांगितलं, "सहाचं अर्धं तीन. तीनचा वर्ग नऊ," आणि बाजूला 9 लिहिलं. मग पुढच्या बाकाकडं वळली. तिथं शुभांगी. दोघी एकाच गावच्या, एकाच बसनं यायच्या.

शुभांगी उठली नाही. "सर, माहं डोकं दुखून राह्यलं."

"बरं, तिच्या मागची."

मागचीनं वहीत मान घातली. तिच्या मागचीही. पुढची पायरी कुणाला सुचत नसेल, असं सरांना वाटलं. शीतल मधोमध उभी, खडू पुढं धरलेला. तिनं तो टेबलावर ठेवायला हात नेला, तेव्हा सर हसून, अगदी मायेनं म्हणाले, "अं हं. वीणा खाली ठेवायची नसते, बाई."

तिनं हात मागं घेतला. घंटा होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. लखननं व्हरांड्यात सरांना गाठलं. या वेळी तो हसत नव्हता.

"सर, शीतल इंटरला गणित घेत नाही म्हणते."

"काऊन रे?"

"तुमाले खरंच मालूम नाही?" लखननं विचारलं. "खडू घ्याचा तं पाया पडा लागते. शुभांगीच्या घरी तिले बजावून ठेवलं होतं, बाकीच्याच्या पड, शीतलच्या पाया नाही पडाचं. बाकीच्या दोघीबी त्याच गावच्या."

शीतलचं घर बुद्धाला मानणारं, हे सरांना ठाऊक होतं. त्यापुढचं काही त्यांना कधी ठाऊक करून घ्यावं लागलं नव्हतं.

शीतलचं गाव म्हणजे सरांचं आजोळच. त्या संध्याकाळी ते आजोळच्या घरावरून पुढं गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा गावाच्या टोकाच्या बौद्ध वस्तीत मोटरसायकल थांबवली. शीतलचे वडील नागसेन तहसील कचेरीत कारकून. त्यांनी अंगणात खुर्ची टाकली.

"बसा, गोपाल सर. चाय चालते ना आमची? का उपास आहे?"

"दूध जास्त टाकलं तं चालते."

नागसेन हसले, पण थोडंच. आत रुक्माबाईंनी, शीतलच्या आईनं, चहा ठेवला. शीतल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"मले कळलं नाही, नागसेनभाऊ," सर म्हणाले. "पोरं अशी वागतील, असं माह्या ध्यानातच आलं नाही."

"तुमच्या कसं येईल जी," नागसेन म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "ते वीणेची गोष्ट तुमीच सांगतली ना वर्गात?"

"हो. देवाजीबुवा माह्या आईचे वडील."

"मालूम आहे. ते गोष्ट आमच्या घरी पण आहे. फक्त आमच्या घरी जरा लांब आहे."

रुक्माबाईंनी चहा आणून ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"पहाटेचा माणूस आला नाही, हे खरं," नागसेन म्हणाले. "कोणीच आलं नाही, हे खरं नाही. माहा बाप, चंपत, मंडपाच्या बाहेर बसून कीर्तन आयके. सारे अभंग पाठ होते त्याले. देवाजीबुवाचे पाय थरथरून राह्यले, हे त्यानं पाह्यलं. उठला, हातपाय धुतले, पुढं गेला अन् दोन्ही हात समोर केले. तुमच्या आज्यानं पाह्यलं अन् मान वळवली. उजाडेपर्यंत दोघंबी उभे होते, सर. एक वीणा घेऊन, एक रिकामे हात घेऊन."

सरांच्या हातातला कप तसाच राहिला. ही गोष्ट त्यांनी आईच्या मांडीवर ऐकली होती. किती लोकांना सांगितली होती, प्रत्येक वेळी डोळे पुसत. तिच्यात आणखी एक माणूस उभा होता, आणि तो त्यांना कुणी दाखवला नव्हता.

"वर्गात तुमी ते सांगतली, त्या दिवशी पोरगी घरी येऊन मले म्हणते, बाबा, सराच्या आज्याचे पाय सुजले, मंग आपल्या आज्याचे नाही का सुजले?"

"तरी तू खडू घेतला?" सरांनी शीतलकडं पाहिलं.

"लखन वाकला ना, सर. मले वाटलं, आता तसं नसंल." ती जमिनीकडं बघून बोलत होती. "गणित कठीण नव्हतं. ते मले येते. पण इंटरलाबी असंच उभं राहा लागन, तं मले नाही जमत."

सरांना तिची समजूत घालावीशी वाटली. रोज ज्या शब्दांनी ते पोरांना धीर देत, ते सगळे तोंडापर्यंत आले आणि एकही सांगण्यासारखा वाटला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "ते गोष्ट मी वर्गात पुरी सांगू का?"

शीतल चौकट सोडून पुढं आली. "माह्या आज्याचं नाव नका घेऊ," ती म्हणाली. "तुमच्या आज्याचं घ्या."

सकाळी ती आली. दुसऱ्या बाकावर, कडेला बसली. सरांनी गोष्ट पुन्हा सांगितली, मराठीत आणि मग तेलुगूत. या वेळी डोळे भरले नाहीत. जो माणूस हात पुढं करून उभा होता त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. ज्यानं मान वळवली त्याचं घेतलं. "तो माझा आजा," ते म्हणाले. "आणि त्या दिवशी या वर्गात मीही तेच केलं, समोर असून पाहिलं नाही. पाया पडायचं आजपासून बंद. ते मी आणलं होतं, मीच परत नेतो."

शुभांगी बाकाची कड नखानं खरवडत होती.

सरांनी फळ्यावर तेच गणित लिहिलं, 9 पर्यंत, आणि थांबले. खडू कुणाकडं करावा, हे त्यांना कळेना.

"सर," शीतल जागेवरूनच म्हणाली. "मी बसून सांगते. तुमी लिहा."

सर फळ्याकडं वळले.

"दोन्ही बाजूनं नऊ मिळवा."

सर लिहू लागले. मागचा एक तेलुगू मुलगा कुजबुजला, "एमंदी?" काय म्हणाली ती? मग मान वर न करता शुभांगी तेलुगूत म्हणाली, "दोन्हीकडं नऊ मिळवायचे म्हणते."

शीतलनं तिच्याकडं पाहिलं नाही. "उजवीकडं पंचवीस. डावीकडं x अधिक तीन, त्याचा वर्ग. मूळ पाच." ती सांगत गेली, सर मागून लिहीत गेले. उत्तर 2 आलं, तेव्हा सर थांबले.

"उणे पाच पण घ्या, सर. दुसरं उत्तर राह्यलं. उणे आठ."

सरांनी तेही लिहिलं. घंटा झाली.

पोरं उठल्यावर ते तिच्या बाकाशी आले. "इंटरचं काय मग?"

"ठरलं नाही अजून." ती दप्तर आवरत होती. "उद्या तास आहे ना?"

"आहे."

"पाहू मग."

ती गेली. तिच्या मागून, बरंच अंतर ठेवून, शुभांगी गेली. दोघींची बस एकच होती. सर खडू हातात घेऊन खिडकीपाशी उभे राहिले, पण तिथून फाटक दिसत होतं, बस नाही.