न ऐकलेलं गाऱ्हाणं

माझी बायको निरुपमा वकील आहे, आणि तिच्याकडे येणारी बहुतेक माणसं लग्न मोडायला येतात. फतेगंजच्या आमच्या घरातली पुढची खोली हे तिचं ऑफिस. तिथे कोण येतं, कशाला रडतं, यातलं एक अक्षर मला लग्न झाल्यापासून कळलेलं नाही. मी विचारलं की ती म्हणते, "अहो, भाजी कुठली करू?" मला भयंकर राग येतो. मी बोलका माणूस. कोयलीला रिफायनरीत जाणाऱ्या आमच्या बसमध्ये सगळ्या बडोद्याच्या बातम्या माझ्याकडून पुढे जातात असं लोक म्हणतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

बसमध्ये माझ्या शेजारी हेरंब बसतो. माणूस चांगला, पण फुगून बसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याच्या बायकोला, लीलाला, सावली गावच्या शाळेत नोकरी लागली. हा तिच्याशी काही बोलला नाही. आईला मात्र परस्पर सांगून मोकळा झाला, की लीला नोकरी सोडणार आहे. लीलाला ते सासूकडून कळलं. ती बॅग भरून भावाकडे निघून गेली, आणि हेरंब रोज बसमध्ये माझ्या कानाशी तिच्याबद्दल नाही नाही ते बोलू लागला. शेवटी म्हणाला, आता घटस्फोटच.

"मग काळजी कसली?" मी म्हणालो. "निरुपमा आपल्या घरचीच आहे. केस घेतली असं समज."

रविवारी त्याला घरी आणलं. तो खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "वहिनी, लीलाचं खरं रूप तुम्हाला ठाऊक नाही. ती..."

"हेरंबभाऊजी, थांबा," निरुपमा म्हणाली. "पुढे एक शब्द बोलू नका. मला तुमची केस घेता येणार नाही."

"का?"

"तेही सांगता येणार नाही. चहा घेऊन जा."

तिने एका कागदावर दुसऱ्या वकिलांची नावं लिहून दिली. सगळे गुजराती. हेरंबचा चेहरा पडला. "वहिनी, आमचं भांडण मराठीत झालंय हो. ते मी गुजरातीत कसं सांगू?"

चहा न पिताच तो उठला. तो गेल्यावर मी निरुपमाला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. माझ्या शब्दाची किंमत शून्य केलीस, इतक्या वर्षांची मैत्री घालवलीस, वकील झालीस म्हणजे माणुसकी सोडायची का, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपबशा उचलल्या. पुढचे काही दिवस हेरंब बसमध्ये मागच्या बाकावर बसला, आणि मी घरात नुसता हं-हूं करत राहिलो.

मग एके दिवशी तो आपण होऊन शेजारी येऊन बसला. चेहरा ओशाळा.

"वहिनींच्या यादीतल्या रावपुऱ्याच्या वकिलाकडे जाऊन आलो," तो म्हणाला.

आता हेरंबचं गुजराती म्हणजे भाजीवाल्यापुरतं आणि फोरमनपुरतं. टोमणे, आडून बोलणं, 'आमच्या घरात अशी पद्धत नाही' हा सूर, यातलं काहीच त्याला गुजरातीत येईना. वकिलाने विचारलं, "पत्नी शुं करे छे?"

"नोकरी करे छे."

"पछी?"

"सवारे वहेली जाय छे." सकाळी लवकर जाते, एवढंच.

"तमारो डब्बो?"

"बनावीने जाय छे."

वकिलाने चष्मा काढला. "तो भाई, तकलीफ शुं छे?"

"आणि मला काही आठवेचना रे," हेरंब म्हणाला. "मराठीत तासभर पुरलं असतं. तिथे चार वाक्यांत संपलं. बाहेर येऊन जिन्यातच उभा राहिलो. मलाच माझी लाज वाटली."

तिथून तो थेट लीलाच्या भावाकडे गेला. ती काही लगेच विरघळली नाही. आधी आईला सांगा, म्हणाली, माझ्यासमोर सांगा, की नोकरी चालू राहणार आणि सोडण्याची बातमी तुम्ही मला न विचारता दिलीत. हेरंबने ते सांगितलं. आई त्याच्यावरच उखडली, हे त्याला जरा जास्त झालं.

पुढच्या रविवारी दोघं शेव-उसळ घेऊन आमच्याकडे आली. खाता खाता लीला म्हणाली, "निरुपमाताईंकडे मी आधीच गेले होते. भावाकडे गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्या माझ्या वकील होत्या."

निरुपमा कांदा वाढत होती.

"म्हणून मला बोलू दिलं नाहीत?" हेरंबने विचारलं.

"तिने सांगितल्यावर आता बोलायला हरकत नाही," निरुपमा म्हणाली. "तुमचंही ऐकलं असतं तर मला दोघांनाही सोडावं लागलं असतं. एकमेकांविरुद्धची गुपितं एका वकिलाच्या पोटात नसतात ठेवायची."

हेरंबच्या हातातला पाव तसाच राहिला. त्या दिवशी तोंडाशी आलेलं सगळं त्याला आठवत असणार. मला तर बसमधला शब्द न् शब्द आठवत होता.

"काय सांगणार होतात तुम्ही?" लीलाने हसत विचारलं, पण डोळे हसत नव्हते. हेरंबने तो पाव घाईघाईने तोंडात कोंबला. तिने निरुपमाकडे पाहिलं.

"मी ऐकलंच नाही," निरुपमा म्हणाली.

मग लीला माझ्याकडे वळली. साहजिकच होतं. माझी कीर्ती तिला ठाऊक होती. "रमाकांतभाऊजी, तुम्ही रोज बसमध्ये शेजारी बसता. तुम्हाला माहीत असेल."

हेरंबने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याची दया आली. निरुपमाही बघत होती, आणि बायकोच्या नजरेत मी पास होईन की नाही याची मला इतकी धाकधूक कधीच वाटली नव्हती.

"मी बसमध्ये झोपतो," मी म्हणालो. "लीला, थोडी उसळ वाढ."